बद्री रिटचरचा हात

बद्रीनाथला समोरच्याच्या तोंडावरचा डाग आधी दिसायचा, माणूस मागाहून. यात त्याचा दोष नव्हता. औरंगाबादच्या गुलमंडीजवळ दाऊदभाईंचा फोटो स्टुडिओ होता, तिथं तो रिटचर होता. जन्मभर दुसऱ्यांच्या फोटोतल्या पुटकुळ्या पुसून ज्याच्या घरची चूल पेटते, त्याला दुसरं दिसणार तरी काय? एसटीत कंडक्टर तिकीट फाडायला वाकला, की याची नजर त्याच्या हनुवटीवरच्या फोडावर. लग्नात अक्षता टाकायच्या सोडून हा नवरीच्या कपाळावरची पुरळ न्याहाळत बसे आणि बायकोच्या कोपराची ढुसणी खाई.

मूळचा गडी पिशोर गावचा. लहानपणी निजामाच्या शाळेत वर्षभर अलिफ-बे गिरवली, तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली आणि पाटीवर ग म भ न आलं. दोन्ही लिप्या अर्ध्यामुर्ध्याच राहिल्या, पण हात असा वळणाचा झाला, की औरंगाबादला कामाच्या शोधात आलेल्या या पोराला दाऊदभाईंनी झाडू दिला आणि महिनाभरात तो काढून घेऊन पेन्सिल दिली.

तेव्हा फोटो काळे-पांढरे. निगेटिव्ह म्हणजे सगळा उलटा कारभार, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तोंडावरची लाल पुटकुळी निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका होऊन बसे. बद्रीनाथ तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवी, खालच्या आरशातून उजेड वर घेई आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तो ठिपका भरून टाकी. पुटकुळीचं टोक चमकलेलं असलं, तर ते काचेवर काळं दिसे. ते बारीक पात्याच्या चाकूनं अलगद खरवडायचं. दाब जरा जास्त पडला, की निगेटिव्ह कामातून गेली. बद्रीनाथच्या हातून ती कधी गेली नव्हती. चहा गार व्हायच्या आत पोरीचं तोंड सायीसारखं होऊन जाई.

शहरातल्या निम्म्या सोयरिकी याच्या पेन्सिलीच्या टोकावर जमल्या, असं दाऊदभाई सांगत. किती मोडल्या ते कुणी सांगत नसे. पिशोरकडच्या पक्क्या बाया तर स्थळाचा फोटो हातात आला, की आधी उलटा करून मागचा स्टुडिओचा शिक्का बघत आणि म्हणत, "बद्रीच्या हातचा हाय व्हय? मग फोटू ऱ्हाऊ द्या, आधी पोरगी दावा." हे कानावर आलं तेव्हा बद्रीनाथला राग यायला हवा होता. पण हा बाबा दोन दिवस मिशीवरून हात फिरवत हिंडला.

आणि अशा माणसाच्या घरात गोदावरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गोदावरी त्याची एकुलती एक. आईचं, म्हणजे द्वारकाबाईचं माहेर पैठणचं, म्हणून पोरीला नदीचं नाव. पोर हुशार. बारावी होऊन डी.एड.च्या पहिल्या वर्षाला बसली होती, मास्तरीण व्हायचं तिनं लहानपणीच ठरवलं होतं. सोळा सरता सरता कपाळावर चार पुटकुळ्या आल्या, मग गालांवर आल्या, मग हनुवटीवर, आणि अठरावं लागलं तोवर तोंडाला बोट टेकवायला जागा राहिली नाही. काही नुसत्या काळ्या टोकाच्या, काही पिवळ्या, आणि काही आत खोल, दुखणाऱ्या, हरभऱ्याएवढ्या गाठी.

द्वारकाबाईनं उपाय करायचे ठेवले नाहीत. मुलतानी माती झाली, चंदन झालं, दुधात जायफळ उगाळून झालं, कडुनिंबाचा पाला वाटून झाला. शेजारच्या भागूबाईनं लिंबू चोळायला सांगितलं. ते चोळलं तर पोर रात्रभर तोंडावर ओला पंचा टाकून बसली. "अंगातली उष्णता हाय ती," भागूबाई म्हणाली, "लगीन झालं की जाती." असल्या औषधांचं एक बरं असतं. सांगणाऱ्याचं काही जात नाही आणि ऐकणाऱ्याला उठून जाताही येत नाही.

पण गोदाला या सगळ्यापेक्षा जास्त टोचत होती ती बापाची नजर. बद्रीनाथ तोंडानं कधी काही बोलला नाही. पण ती ताट वाढायला वाकली, की त्याचे डोळे कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर फिरत, कालच्या आणि आजच्यातला फरक धुंडाळत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप जवळ येत, मध्ये पेन्सिल धरल्यासारखी.

"अण्णा, नका ना बघू असं."

"कुठं बघतो? जेवतोय मी."

मग ती पाठमोरी वाढायला लागली. भाजी पुढं यायची, हात दिसायचा, तोंड नाही. बद्रीनाथला घास गोड लागेना.

श्रावण सरत आला होता तेव्हाची गोष्ट. डी.एड.च्या पोरींना शाळांतून सराव पाठ घ्यावे लागत. म्हणजे खऱ्या वर्गात, खऱ्या पोरांपुढं उभं राहून शिकवायचं, आणि मागच्या बाकावर कॉलेजचे सर बसून बघणार. ठरलेले पाठ झाले नाहीत तर वर्ष बुडालं. गोदाला दुसरीचा मुलींचा वर्ग मिळाला. पहिल्याच दिवशी ती फळ्याकडून वळली, तर पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीनं हात वर केला आणि फार काळजीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी मच्छरदाणी नाय का?"

वर्ग हसला. सरही हसले असावेत. गोदा खडू टेबलावर ठेवून बाहेर पडली ती थेट घरी. दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. कॉलेजातून निरोप आला, की दिवाळीनंतर एकदाच संधी मिळेल, तेव्हाही पाठ झाले नाहीत तर नाव कमी होईल. तिनं निरोप ऐकला आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

बद्रीनाथचा जीव थाऱ्यावर राहिना. घरात बसला तर उठावंसं वाटे, उठला तर कुठं जावं कळेना. गुलमंडीवरून पैठण गेट, तिथून औरंगपुरा, परत गुलमंडी, अशा उगाच चकरा मारी. वाटेतल्या दर दुकानाच्या आरशात त्याला पोरीचं तोंड दिसे. साऱ्या गावाच्या पोरी आपण पाव तासात गोऱ्यागोमट्या करतो आणि आपली पोर दार लावून बसते! हात नुसते शिवशिवत होते.

एका रविवारी दुपारी द्वारकाबाई भागूबाईकडं वाती वळायला गेली होती. बद्रीनाथनं स्टुडिओतला आपला चाकू आणला होता. तो त्यानं पाण्यात उकळला, स्पिरिटनं पुसला आणि खिडकीशी पाट मांडला.

"गोदे, ये. एकच करून बघू. हा उजव्या गालावरचा. टोक आलंय त्याला."

गोदानं चाकूकडं पाहिलं, मग बापाच्या हाताकडं. त्या हाताची कीर्ती ती लहानपणापासून ऐकत आली होती. "दुखल का अण्णा?"

"माझ्या हातानं कधी दुखलंय कुणाला?"

ती डोळे मिटून बसली. त्यानं श्वास रोखला आणि टोक अलगद खरवडलं, नेहमीसारखं. आत अजून काहीतरी होतं, म्हणून थोडं दाबलं. मग आणखी थोडं. गोदाचे पाय पाटावर आखडले, पण तिनं हूं केलं नाही. गाल सपाट झाला. बद्रीनाथनं लांबून पाहिलं, डोकं तिरकं करून पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं.

ते सुख सकाळपर्यंतही टिकलं नाही. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला, पू धरला, ताप भरला. आठवड्यानं सूज उतरली तेव्हा तिथं एक खड्डा पडला होता, मसुरीची डाळ बसेल एवढा. पुटकुळ्या होत्या तशाच होत्या, त्यात ही भर. द्वारकाबाईनं कपाळावर हात मारला. "नखानं ओरबाडलंस ना? कितीदा सांगितलं तुला, हात लावू नकोस म्हणून!"

गोदानं बापाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "व्हय, लागलं नख."

बद्रीनाथ तिथंच उभा होता. पुढचे कित्येक दिवस द्वारकाबाई उठता बसता त्या नखाचा उद्धार करत होती, गोदा ऐकून घेत होती, आणि हा शहाणा चपला घालून बाहेर पडत होता. राग येतो अशा माणसाचा. पण अशी माणसं वाईट नसतात, नुसती भित्री असतात, आणि घरातल्यांना त्याचा जास्त त्रास होतो.

त्याच आठवड्यात त्याच्या हातून पहिली निगेटिव्ह गेली. खुलताबादच्या एका मुलीच्या फोटोवर चाकू सरकला आणि गालावर आरपार रेघ उमटली. दाऊदभाई दोन कप चहा घेऊन समोर बसले. वयानं वडील, मराठी आणि दखनी एका वाक्यात कालवून बोलणारे.

"क्या हुआ बद्रीभाई? हात कायको कांपता तुमचा?"

बायकोला जे सांगता आलं नाही ते बद्रीनाथनं तिथं सांगून टाकलं, चाकू, पाट, खड्डा, नख, सगळं. दाऊदभाईंनी बशीतला चहा फुंकला.

"निगेटिव्ह को दर्द नै होता, मियाँ. चमडी को होता. ती परत भरून निघते, पण आपल्या टायमानं, तुमच्या नै." मग म्हणाले, "माझ्या बहिणीचा अन्सार. त्याचं तोंड याच्याहून खराब होतं. सरकारी दवाखान्यात चमडीचे डाक्टर बसतात, तिथं नेला. उद्या दुकान नको, पोरीला घेऊन जावा."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या, पण गोदाचं तोंड त्यांनी खिडकीच्या उजेडात शांतपणे पाहिलं. उजव्या गालाशी थांबल्या. "हे कुणी फोडलं?"

"मीच," गोदा म्हणाली, "नखानं."

डॉक्टरीणबाईंनी एकदा बद्रीनाथकडं पाहिलं. त्यानं भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं. बाईंनी औषधाची चिठ्ठी पुढं ओढली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही घाण नाही, उष्णता नाही, कुणाचं पाप नाही. या वयात कातडीखालच्या ग्रंथी तेल जास्त सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. लग्नानं जात नाही, लिंबानं तर नाहीच. साध्या साबणानं दोनदा तोंड धुवायचं, घासायचं नाही. कॅप्सूल रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर. दुधाबरोबर घेतली तर फुकट जाईल. रात्री हे मलम सगळ्या तोंडाला पातळ लावायचं, नुसतं फोडावर नाही. आधी तोंड कोरडं पडेल, सालं निघतील, कदाचित जास्तही वाटेल. तरी सोडायचं नाही. उन्हात फार फिरायचं नाही.

"किती दिवसांत जाईल?" बद्रीनाथनं विचारलं.

"दोन-तीन महिन्यांनी फरक दिसेल. थोडं पुढंही येत-जात राहील. खड्डा मात्र राहणार." आणि दोघांकडं बघत त्या म्हणाल्या, "सगळ्यांत महत्त्वाचं औषध एकच आहे. कुणीही, काहीही झालं तरी, हात लावायचा नाही."

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, हे बद्रीनाथनं हजारदा ऐकलं होतं. पण मुंगी खरंच किती हळू चालते ते त्याला आता कळलं. पहिल्याच सकाळी द्वारकाबाईनं पोरीच्या पोटाला आधार म्हणून कॅप्सूल दुधाच्या पेल्याबरोबर दिली. बद्रीनाथनं पेला काढून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. काही दिवसांनी तोंड लालबुंद झालं, सालं निघायला लागली, तेव्हा द्वारकाबाई म्हणाली, "आगीतून फुफाट्यात पडलो. बंद करा ते मलम." बद्रीनाथलाही तेच वाटत होतं. मलमाची ट्यूब उचलून तो उकिरड्यापर्यंत गेला आणि परत आला. मलमानं रंग उडून उशीच्या निळ्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले होते. रोज सकाळी पोर उठली, की तो तिच्या तोंडाऐवजी त्या अभ्र्याकडं बघत बसे. डागांकडं बघायची खोड कुठं जाते! पण अभ्र्याला तरी ते बघणं टोचत नव्हतं.

दिवाळी आली. पणतीच्या उजेडात द्वारकाबाईलाच पहिल्यांदा दिसलं, की कपाळ मोकळं झालंय. नव्या गाठी येत नव्हत्या. गालांवर काळसर डाग होते, पण जिवंत फोड थोडेच. आणि उजव्या गालावर, आजूबाजूचं निवळल्यामुळं आता जास्तच उठून दिसणारा, तो खड्डा.

सुट्टी संपली. सराव पाठाच्या आदल्या संध्याकाळी गोदानं कच खाल्ली. "मी जात नाय."

"अगं, तोंड तर केवढं निवळलं!" द्वारकाबाई म्हणाली.

"पोरी विचारतील, ह्ये भोक कशाचं. मग काय सांगू?"

"सांग, नखं आवरत नव्हती म्हणून. स्वतःच्या हातानं वाटोळं केलंस, आता..."

"तिनं नाय केलं." बद्रीनाथ म्हणाला.

दोघीही वळल्या. त्याला चपला दिसत होत्या, दारही दिसत होतं. पण त्यानं खुंटासारखे पाय घट्ट रोवले. "मी केलं. माझ्या चाकूनं. तू वाती वळायला गेली होतीस. पोर माझ्यासाठी इतके दिवस शिव्या खात होती आन् मी खाऊ देत होतो. गोदे, चुकलो मी. मला तू बरी व्हायला हवी होतीस, पण लगेच, माझ्या हातानं. आता कुणी विचारलं तर सांग, माझ्या बापानं केलं."

द्वारकाबाईनं पोरीचा गाल दिव्याकडं वळवून पाहिला. मग तिला रडू आलं. रडू आवरलं तसं तिनं नवऱ्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. भागूबाईच्या घरापर्यंत ऐकू गेलं. बद्रीनाथ मान खाली घालून बसला होता, पण कितीतरी दिवसांनी त्याला बाहेर पळावंसं वाटत नव्हतं.

गोदा सकाळी गेली. कुणी जा म्हटलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही.

संध्याकाळपर्यंत बद्रीनाथनं स्टुडिओत एकही निगेटिव्ह हातात घेतली नाही. पेन्सिलींना टोकं काढत बसला, मोडली की परत काढली. घरी आला तर गोदा चुलीशी होती. तिनं ताट वाढलं. आणि समोर बसली, तोंड त्याच्याकडं करून.

"तीच पोरगी होती पुढच्या बाकावर," ती सांगायला लागली. "मच्छरदाणीवाली. लगेच हात वर. बाई, तुमच्या गालाला काय झालं? मी म्हटलं, माझ्या अण्णांना मला लवकर बरं करायचं होतं, घाईघाईत लागलं. तर ती उठून उभी ऱ्हायली आन् कोपर दाखवलं. तिच्या बापानं सायकल शिकवताना पाडलं होतं तिला. मग दुसरीनं गुडघा दाखवला. एकीच्या हातावर आईच्या तव्याचा डाग. अण्णा, आख्खा वर्ग उठून मला वण दाखवायला लागला! बेरजेचा पाठ ऱ्हायला बाजूला."

"आन् सर?"

"सर लई रागावले. म्हणाले, वर्गावर ताबा नाय. उद्या परत घ्यायचाय तोच पाठ." आणि ती हसली. हसताना खड्डा आणखी खोल झाला. बद्रीनाथनं पाहिलं, आणि तिनं बघू दिलं.

सारे पाठ पुरे झाले तेव्हा त्या शाळेनं वर्गाचा ग्रुप फोटो काढायला दाऊदभाईंनाच बोलावलं. पोरी तीन रांगांत, मध्ये खुर्चीवर गोदा. दाऊदभाईंनी काळ्या कापडात डोकं घातलं आणि बद्रीनाथ बाजूला उभा राहून पोरींना हसवत होता.

दुसऱ्या दिवशी ती निगेटिव्ह त्याच्या काचेवर आली. आरशातून उजेड वर आला. सवयीनं त्यानं सुरुवात केली. एकीच्या ओठावरचं चिरलेलं भरलं, मागं उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकेच्या डोळ्यांखालचं काळं हलकं केलं. मधल्या खुर्चीपाशी पेन्सिल आली. उजव्या गालावर एक बारीक पारदर्शक ठिपका होता. तीन टिंबं टेकवली असती, तर तो जगात कधी नव्हताच असं झालं असतं. हात शिवशिवला. पण त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि निगेटिव्ह छापायला दिली.

फोटो घरी नेला तेव्हा गोदानं तो दाराच्या उजेडात धरला. आधी पोरी पाहिल्या, नावं घेऊन घेऊन. मग स्वतःला. मग फोटो डोळ्यांशी नेला.

"अण्णा, ह्यो तसाच ठेवलात तुम्ही? सगळ्या गावाचं पुसता."

बद्रीनाथनं टोपी काढून खुंटीला अडकवली.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना," तो म्हणाला, "हात लावायचा नाही."